विचारणे बाकी

बाबांनी आयुष्यभर पेट्रोल विकलं आणि आयुष्यभर सायकल चालवली. एकतीस वर्षं ते एकाच पंपाच्या काचेच्या केबिनमध्ये बसले, हजारो टाक्या त्यांच्या डोळ्यांदेखत भरल्या, पण स्टिअरिंगला त्यांनी कधी हात लावला नाही. कुणी छेडलं तर म्हणायचे, "मला वास पुरतो."

पंपावरची माणसं त्यांना मागून 'खातरजमा' म्हणत आणि ते बाबांना ठाऊक होतं. रोज सकाळी पहिली गाडी यायच्या आधी ते पाच लिटरचं माप काढून, प्रत्येक नोझलचं पेट्रोल त्यात सोडून, डोळा मापाच्या रेषेला लावून बघत. दिवसभरात वेळ मिळेल तेव्हा केबिनमधून उठून बाहेर येत आणि गिऱ्हाइकाला म्हणत, "आकडा शून्यावर आहे. खातरजमा करून घ्या." एक ट्रकवाला एकदा वैतागला. "अहो, वीस वर्षं तुमच्याकडे भरतोय, अजून शून्य दाखवता?" बाबा म्हणाले, "दाखवतो म्हणूनच वीस वर्षं भरताय." ट्रकवाल्याने ही गोष्ट पुढच्या चार पंपांवर सांगितली.

लेकीने हे सगळं लहानपणापासून ऐकलं होतं आणि लहानपणी तिला त्याची लाज वाटायची. मोठेपणी ती पुष्कळ वाचू लागली, पुष्कळ माणसं तिने पुस्तकांतून पाहिली, आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं की बाबांसारखं माणूस तिला कुठल्याच पुस्तकात भेटलेलं नाही. ते तिने बाबांना कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखा प्रसंगच आला नाही, असं ती सात महिने स्वतःला समजावत होती.

आता ती परक्या देशात, भाड्याच्या गाडीत, रस्त्याच्या उलट्या बाजूने जात होती आणि शेजारी आई मांडीवर बाबांची वही घेऊन बसली होती.

या प्रवासाचा बेत बाबांचाच. त्यांचा धाकटा भाऊ तरुणपणी जहाजावर मेकॅनिक म्हणून गेला आणि एका लहानशा बेटावर उतरला तो तिथलाच झाला. दर वर्षी काकाचं पत्र येई, पत्रात एकच हट्ट: या. दोन वर्षांपूर्वी बाबांनी एकदाचं ठरवलं. लेक गाडी चालवणार, बाबा शेजारी नकाशा घेऊन बसणार, आई मागे. विमानतळापासून बंदरापर्यंत दोन दिवसांचा रस्ता होता. बाबांना समुद्राची, डोंगरांची काही पडली नव्हती. त्यांनी काकाला पहिलं पत्र पाठवलं त्यात विचारलं, "तिकडे पंपावर पैसे कसे घेतात?"

मग वर्षभर दोघा भावांची पत्रं पंपावरच चालली. काकाने चित्रं काढून पाठवली: यंत्र इथे, कार्ड इथे, बटण इथे. बाबांनी त्यावरून वहीत एक पान तयार केलं आणि वर लिहिलं, 'परदेशी पंपावर'. दोन कार्डं, दोन वेगळ्या बँकांची, दोन वेगळ्या पर्सांत. निघण्याआधी बँकेला तारखा कळवणे, नाहीतर ते चोरी समजून कार्ड बंद करतात. मशीनने 'तुमच्या पैशांत की आमच्या' असं विचारलं तर त्यांच्या म्हणणे, आपल्या म्हटलं की वर दलाली. यंत्राशी बोलण्याआधी माणसाशी बोलणे, माणूस असेल तर. आपल्या गावात अर्धी टाकी, परक्या गावात पाऊण. काटा त्याखाली जाऊ न देणे. दर वेळी पावती. आणि पानाच्या तळाशी, बाकीच्यापेक्षा घाईच्या अक्षरात: 'यंत्र आधी अनामत अडकवते. परत मिळते. किती दिवसांनी? विचारणे.'

ते विचारणं राहिलं. अकरा आठवड्यांच्या दुखण्यात बाबा गेले. काकाच्या गुडघ्यांनी तोवर जवाब दिला होता, त्याला येता आलं नाही. फोनवर तो म्हणाला, "वहिनी, मला त्याचे शेवटचे दिवस ऐकायचेत. पण फोनवर नको. समोर बसून सांगा."

म्हणून त्या दोघी निघाल्या होत्या. बेटाची बोट आठवड्यातून दोनदाच सुटायची आणि दुसऱ्या सकाळी परतायची. आज चारची, नाहीतर गुरुवारी. आणि परतीचं विमान बुधवारचं होतं. आजची चुकली तर काकाला भेटल्याशिवाय माघारी.

"काटा पाऊणवर आला," आई म्हणाली.

"आई, अजून चारातले तीन भाग टाकी भरलेली आहे. लोक याला भरलेली टाकी म्हणतात."

"लोकांनी पान लिहिलेलं नाही."

कालपासून हे तिसऱ्यांदा होत होतं. लेकीने गाडी वळवली. या पंपावर यंत्र होतंच, शिवाय आत एक माणूसही होता. पण लेकीला घाई होती, तिने यंत्रातच कार्ड घातलं आणि बारा लिटर भरून घेतलं. शेवटी यंत्राने विचारलं, पावती हवी का? कालच्या दुसऱ्या पंपावर तिने 'नाही' दाबलं होतं. त्यावरून आईने पन्नास किलोमीटर अबोला धरला होता, म्हणून आता तिने मुकाट्याने 'हो' दाबलं.

आईने पावती घेतली, तिच्यावर पेनाने वेळ लिहिली, पंपाचा क्रमांक लिहिला, आणि बाबा केबिनमध्ये टोचून ठेवत तशी ती टाचणीने वहीच्या पानाला टोचली. विमानतळावर ती टाचणीची डबी काढून घेतील म्हणून लेकीने केवढी हुज्जत घातली होती. कुणी काढून घेतली नाही.

"या पावत्यांचं करायचं काय आहे तुला?"

"मला काय ठाऊक," आई म्हणाली. "ते ठेवायचे."

चौथा थांबा बंदराच्या अलीकडे पन्नास मिनिटांवर. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. हा पंप जुन्या चालीचा होता: दोन नोझल, एक लहान दुकान, दारात बादलीत काच पुसायचा लांब दांड्याचा फडका. यंत्रात कार्ड घालायला फट नव्हती. आधी भरा, मग आत येऊन पैसे द्या, अशी पाटी. लेकीला हायसं वाटलं. आत माणूस आहे म्हणजे पानाप्रमाणे चाललंय.

भरून झाल्यावर दोघी आत गेल्या. काउंटरमागे पन्नाशीची एक बाई होती, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तिची आणि या दोघींची मिळून एक तिसरी भाषा होती. मोडकी, पण कामापुरती.

बाईने कार्ड मशीनला लावलं. मशीन कुरकुरलं.

"नाही म्हणतंय."

"पुन्हा बघा ना."

पुन्हाही नाही. लेकीने फोनवर कार्डाचा हिशेब उघडला आणि ओळीओळीने वाचला. तीन पंप, दहा-बारा लिटर प्रत्येक, आणि दर वेळी यंत्राने अख्ख्या दोन टाक्यांइतकी रक्कम अनामत म्हणून अडकवून ठेवलेली. त्यातली एकही सुटली नव्हती, आणि कार्डाची मर्यादा संपली होती. लोक सहाशे किलोमीटरला एकदा भरतात, एकदाच अडकतात. त्या पाऊण टाकीच्या नियमाने चालल्या होत्या, म्हणून तिप्पट अडकल्या. बाबांचा एक नियम पाळता पाळता बाबांचाच एक न विचारलेला प्रश्न आडवा आला होता.

"दुसरं कार्ड आहे," आई शांतपणे म्हणाली. "वेगळ्या बँकेचं. वेगळ्या पर्समध्ये." तिने ते पुढे केलं, पानात लिहिल्याबरहुकूम.

बाईने लावलं, चष्मा डोळ्यांवर चढवला, वाचलं. "हे बंद आहे. खातंच बंद झालंय, म्हणतंय."

मग लेकीला आठवलं. ते कार्ड बाबांच्या खात्यावरचं होतं. पाच महिन्यांपूर्वी ती स्वतःच बँकेत दाखला घेऊन गेली होती, अर्ज तिनेच भरला होता, 'खातेदार मयत' या चौकटीत खूण तिनेच केली होती. आणि निघायच्या आदल्या दिवशी आईने पान वाचून कार्डं भरली तेव्हा दोघींपैकी एकीलाही काही वाटलं नाही. पान लिहिलं गेलं तेव्हा ते खातं चालू होतं.

आईने कार्ड परत घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि ज्या कप्प्यातून काढलं होतं त्याच कप्प्यात ठेवलं.

"रोख?" बाईने विचारलं.

"आहे," लेक म्हणाली, "पण ती बोटीची. बोटीवर रोखच लागते. दुसरी नाही."

"नोटा देणारं मशीन मागच्या गावात आहे. चाळीस मिनिटं." बाईने मग स्वतःच मान हलवली. जायला चाळीस, यायला चाळीस, आणि कार्ड तर हेच.

लेकीच्या जिभेवर एक वाक्य आलं होतं: आम्हाला जाऊ द्या, परतताना देतो. कुणीही म्हटलं असतं. पण ती नऊ वर्षांची असताना एक गाडी बाबांच्या पंपावरून टाकी भरून तशीच पळाली होती. ते पैसे बाबांच्या पगारातून कापले गेले आणि तिच्या शाळेचे बूट पुढच्या महिन्यावर गेले. बाबा कुणावर चिडले नव्हते. जेवताना एवढंच म्हणाले होते, "मी उठून बाहेर जायला हवं होतं."

"कमी पडले तर तुमच्या पगारातून जातात का हो?" तिने बाईला विचारलं.

बाईने तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. गिऱ्हाइकं असं विचारत नाहीत. "मग कुणाच्या जाणार? मालकाच्या?"

"झालं तर," आई म्हणाली. तिने बोटीच्या पैशांचं पाकीट काढलं आणि काउंटरवर ठेवलं. "यातून घ्या. बोट राहू दे."

"आई!"

"तिच्या पगाराला हात लावायचा नाही. ते म्हणाले असते का, जाऊ द्या म्हणून?"

"काका तिथे धक्क्यावर बसला असेल."

"मला कळत नाही का ते?" आईचा आवाज एवढ्यात पहिल्यांदाच चढला, आणि लगेच उतरला. "फोनवर सांगू त्याला. नको म्हणाला तरी सांगू."

लेकीने आईकडे पाहिलं. बाई पाठमोरी झाली नव्हती, उलट काउंटरवर पुढे झुकली होती. तिने पाकिटाला हात लावला नाही.

"याआधी कुठे भरलंत? यंत्रावर?"

"तीन ठिकाणी."

"पावती नसेलच," बाई म्हणाली. "कुणीच घेत नाही. 'नाही' दाबतात आणि सुटतात."

आईने वही उघडली आणि काउंटरवर तिच्यासमोर फिरवून ठेवली. पानाला टाचणीने टोचलेल्या दोन पावत्या, दोन्हींवर वेळ, दोन्हींवर पंपाचा क्रमांक.

बाईने चष्मा पुन्हा चढवला. एक पावती तिने टाचणीसकट उचलून पाहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "टाचणी. वेळ. पंप नंबर." ती म्हणाली. "हे पंपावरच्या माणसाचं काम आहे."

"माझे मिस्टर," आई म्हणाली. "एकतीस वर्षं केबिनमध्ये."

"माझी एकोणीस झाली." बाईने फोन उचलला. "ही आजची सकाळची ना? तिथे एक टकल्या बसतो, त्याला काम सांगितलं की आधी कुरकूर करतो, मग करतो. अनामत तिथूनच सोडता येते. हा जो खाली बारीक नंबर आहे ना, मंजुरीचा, तो लागतो. तो नसला की देवसुद्धा काही करू शकत नाही."

टकल्याने कुरकूर केली, ती इकडे काउंटरपर्यंत ऐकू आली. त्याच्यापुढे गिऱ्हाईक होतं. मग आणखी एक होतं. बाई फोन खांद्यात दाबून नंबर सांगत होती, पुन्हा सांगत होती, मधूनच म्हणत होती, "अरे, वाचून दाखव मला परत. नुसतं हो हो नको. वाचून दाखव." लेकीला वाटलं, हे वाक्य आपण हजारदा ऐकलंय. तिने तोंड फिरवलं आणि दारातल्या बादलीकडे बघत राहिली.

पावणेतीन. पंचावन्न. आई घड्याळ बघत होती आणि बघत नसल्यासारखं करत होती. मधे एक गिऱ्हाईक आलं, बाईने त्याचे पैसे घेतले, सुटे मोजून दिले आणि म्हणाली, "मोजून घ्या." तो न मोजता निघाला. तिने त्याला हाक मारून परत बोलावलं आणि मोजायला लावले.

"बाबांची बहीण शोभेल," लेक पुटपुटली.

"बहीण कशाला," आई म्हणाली. "वरचढ आहे."

तीन वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. बाईने ऐकलं, फोन ठेवला, आणि हात पुढे केला. "पहिलं कार्ड द्या."

मशीन कुरकुरलं. थांबलं. मग त्यातून पावती हळूहळू बाहेर आली, आणि ती फाडून हातात द्यायच्या आधी बाईने मशीनचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "आकडा बघून घ्या. जेवढं भरलंत तेवढाच आहे ना?"

लेकीने बाजूला सरकून आईला जागा दिली. आईने वाकून आकडा पाहिला, नोझलवरच्या आकड्याशी ताडून पाहिला, आणि म्हणाली, "बरोबर आहे." मग तिने पेन काढलं. "एक विचारायचं राहिलंय. अशी अडकलेली अनामत आपली आपण किती दिवसांनी सुटते?"

"ते बँकेच्या मर्जीवर. कुठे दोन दिवस, कुठे दहा. पावती असेल आणि पंपावर माणूस असेल तर तासाभरात." बाईने पाकीट आईच्या हातात कोंबलं. "आता पळा. वळणावर हळू जा, पण पळा."

धक्क्यावर त्या पोचल्या तेव्हा चाराला चार मिनिटं कमी होती. बोटवाला दोर सोडायच्या बेतात होता. बोट निघाल्यावर आईने वही मांडीवर घेतली आणि लाटांवर अक्षर हलू नये म्हणून मनगट गुडघ्याला टेकवून, पानाच्या तळाच्या त्या ओळीपुढे बाईचं उत्तर लिहिलं. बाबांच्या घाईच्या अक्षरापुढे तिचं सावकाश अक्षर. लेक दुसरीकडे बघत होती. पेन ठेवता ठेवता आईच म्हणाली, "कालच्या त्या दुसऱ्या पंपाची पावती असती तर तिथली अनामतही सुटली असती."

"हो गं आई."

"मी काही बोलले का?"

काका बेटावरच्या धक्क्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, काठी मांड्यांवर आडवी. दोन वाजल्यापासून बसलोय, म्हणाला. त्याचं घर दोन खोल्यांचं, बाहेरच्या खोलीत तीन खुर्च्या आधीच समोरासमोर मांडून ठेवलेल्या. पाणी प्यायच्या आधीच त्याने टेबलाच्या खणातून एक पत्र काढलं. बाबांचं शेवटचं. दुखणं सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यातलं.

"एवढंच विचारलं होतं त्याने," काका म्हणाला. "अनामत किती दिवसांनी सुटते. मी म्हटलं, गुडघे जरा बरे झाले की पलीकडे जाईन आणि पंपावर विचारीन. आज जातो, उद्या जातो. मग तुमचा फोन आला." त्याने पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली. "एक साधी गोष्ट विचारली होती माझ्या भावाने, आणि मी उत्तर दिलं नाही."

आईने वही उघडून त्याच्यासमोर धरली. काकाने पान डोळ्यांजवळ नेलं. वरून खालपर्यंत वाचलं, आपल्याच चित्रांवरून भावाने काय काय लिहून ठेवलंय ते बोट फिरवून पाहिलं, आणि शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"तासाभरात?"

"पंचेचाळीस मिनिटांत," आई म्हणाली. "मी घड्याळ बघत होते."

"कुणी सांगितलं?"

"पंपावरच्या बाईने. पन्नास मिनिटांवर आहे तो पंप. तिचीही एकोणीस वर्षं झालीत."

काकाने बाबांचं पत्र वहीच्या त्या पानात ठेवलं आणि वही मिटली. परत मात्र दिली नाही, मांडीवर ठेवून घेतली. मग काठी बाजूला उभी केली, खुर्ची वीतभर पुढे ओढली.

"आता सांगा," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

लेकीने आईकडे पाहिलं. आईने चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा घातला नाही.

"पहिल्या दिवशी," ती म्हणाली, "साधा खोकला होता. मी म्हटलं, जाईल. पण ते म्हणाले, खातरजमा करून घेऊ."